जिनातला बेलभंडार

वाशीमच्या स्टेशनाकडं जाणाऱ्या रस्त्याला हुकूमचंद शेठचं सरकी काढायचं जिन होतं. दसऱ्याला इंजिनाची पूजा झाली की भोंगा वाजायचा आणि मग चैत्र सरेपर्यंत त्या भागात कापसाच्या बैलबंड्यांशिवाय दुसरं काही दिसायचं नाही. ज्या दसऱ्याची ही गोष्ट आहे तो सन अडतीसचा.

मारोतराव या जिनात तेलवाला होता. इंजिनापासून निघालेला लोखंडी शाफ्ट रेच्यांच्या रांगेमागून पार शेवटच्या भिंतीपर्यंत जाई. त्याच्यावर चढवलेल्या पट्ट्यांनी एकेक रेचा फिरे आणि रेच्यापुढं बसलेल्या बाया त्यात कापूस सोडत. सरकी खाली पडे, रुई पुढं जाई. हा शाफ्ट कुठं कोरडा पडू द्यायचा नाही, एवढंच मारोतरावाचं काम. लांब चोचीची झारी हातात घेऊन तो दिवसभर त्या रांगेमागून फिरत असे. माणूस उंच, खांद्यात किंचित वाकलेला, बोलणं जेवढ्यास तेवढं. त्याच्या सणासुदीच्या धोतरालाही तेलाचा वास यायचा आणि त्याची बायको तुळसाबाई त्यावरून त्याला दर सणाला बोलून घ्यायची.

पण जिनात त्याला तेलवाला कोणी म्हणत नसे. लहानथोर सगळे ‘बुवा’ म्हणत. कारण जिनामागच्या खंडोबाच्या ठाण्यावरून बेलभंडार आणण्याचा मान त्याच्या घराण्याकडं होता. जिनात रुई चोरीला गेली, दोघांत मारामारी होऊन कोणी कबूल होईना, की मुनीम मारोतरावाला बोलावी. तो आंघोळ करून पितळेच्या ताटलीत देवापुढची हळद आणि बेलाची पानं घेऊन येई. ज्याच्यावर संशय त्यानं ती उचलून बोलायचं. हात स्वच्छ असेल तो उचलायचा, नसेल तो खाली मान घालून उभा राहायचा. खोटं उचलणारा माणूस मारोतरावानं आपल्या हयातीत पाहिला नव्हता. शेठलाही ही रीत सोयीची होती. पोलीस ठाण्याची पायरी चढावी लागत नसे.

या रीतीचा एक नियम होता. जी आण दुसऱ्याला घालायची, ती मानकऱ्यानं आधी स्वतः घ्यायची. चोरीचा मामला असेल तर मारोतराव आधी म्हणे, ‘रुई मी नेली नाही, कोणी नेली मले माहीत नाही.’ मगच ताटली पुढं जाई. इतक्या वर्षांत त्याला यात कधी अडचण आली नव्हती, म्हणून हा नियम आहे हेच शेठ जवळजवळ विसरून गेले होते.

आदल्या हंगामात एक गोष्ट घडली. कस्तुराबाई नावाची रेच्यावरची बाई शाफ्टखाली साचलेली सरकी ओढायला वाकली आणि तिचा पदर शाफ्टनं धरला. मारोतराव दोन रेचे पलीकडं होता. त्यानं झारी फेकली, धावत जाऊन इंजिनाकडचा पट्टा उतरवला, पण तोवर तिचा उजवा हात कोपरापासून गेला होता. दवाखान्याचा खर्च शेठनं केला, यात खोटं नाही. मात्र बाई बरी होऊन आली तेव्हा मुकादम रामकिसननं तिला दारातूनच परत पाठवलं. म्हणाला, ‘पदर खोचाले काय झालं होतं तुले? एका हातानं काय रेचा चालवशीन?’ शाफ्टला कठडा घाला, अशी बायांनी विनंती केली. मुकादम म्हणाला, कठडा घातला तर सरकी ओढायला वेळ लागतो.

त्या उन्हाळ्यात अकोल्याचा एक वकील गावात आला होता. त्यानं सांगितलं, ‘एकेकटे बोलाल तर एकेकटे जाल. कामगारांचा संघ काढा, सरकारदप्तरी नोंदवा. सात जण पुरतात.’ सात जण झाले. रेच्यावरच्या बायांतून विधवा गोजराबाई, रुईच्या गठाणी उचलणाऱ्यांतून मानोऱ्याकडच्या तांड्याचा प्रेमसिंग, असे एकेक. सातवी सही मारोतरावाची. अर्ज नागपूरला गेला. नोंदणी होईपर्यंत कोणाचं नाव कोणी घ्यायचं नाही, असं ठरलं. राहायच्या खोल्या जिनाच्या, चाळ जिनाची, पाण्याचा नळसुद्धा जिनाचा. नोंदणीआधी नावं फुटली तर सातही जण रस्त्यावर येणार आणि संघ जन्मण्याआधीच संपणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी दुपारी शेठनं मारोतरावाला पेढीवर बोलावलं. शेठ लोडाला टेकून बसले होते, समोर मुकादम रामकिसन उभा.

“ये मारोती. बस.”

“उभाच बरा हाये शेठजी. कपडे तेलाचे हायेत.”

“अरे बस. तू काय परका आहेस?” शेठनं पानाचा डबा बाजूला केला. “आपल्या जिनात संघ निघालाय म्हणे. अर्ज नागपूरला जाऊन बसला. आणि मला, मालकाला, पत्ता नाही की कोण आहेत ते.”

मारोतराव म्हणाला, “अस्सं?”

“तुमाले काईच माहीत नाई, बुवा?” रामकिसन हसला. “अख्खं जिन कुजबुजून राह्यलं.”

“शाफ्टपाशी कुजबूज ऐकू येत नाई, मुकादम.”

शेठ हसले. मग गंभीर झाले. “मी पोलिसांत जाणार नाही. लोक आपलेच आहेत. मानमोडीच्या साथीत माझ्या वडिलांनी याच गोदामात माणसं ठेवली, दूध दिलं, औषध दिलं. तेव्हा कुठं होता संघ?”

हे खरं होतं. मारोतरावाची आई त्याच गोदामात वाचली होती. त्याची मान आपोआप खाली गेली.

“उद्या पूजा झाली की तू ताटली फिरव,” शेठ म्हणाले. “सगळ्यांनी उचलायचा. बाया, बाप्ये, सगळे. ‘मी संघात नाही, आणि कधी जाणार नाही.’ बस्स, एवढंच म्हणायचं. उचलला त्याला हंगामभर काम. नाही उचलला त्यानं संध्याकाळपर्यंत खोली रिकामी करायची.”

“आनि मुसलमान लोकं?”

“त्याईले पिराची आन,” रामकिसन म्हणाला. “ताटली झाल्यावर. मी समदं ठरवलं हाये.”

“शेठजी,” मारोतराव कसाबसा म्हणाला, “देवाले यात कायले आनता?”

“कोर्टात न्यायचं का मग? वकिलापेक्षा देव बरा. पैसे खात नाही.”

रामकिसन मारोतरावाच्या तोंडाकडं पाहत होता. “बुवा, तुमचं तोंड काहून उतरलं गा?”

“नवरात्राचा उपास हाये.”

“उपास तं दरसाल असते, बुवा.”

मारोतरावानं हात धोतराला पुसले आणि तो बाहेर पडला. शेठला काही शंका आली नव्हती. याच गोष्टीचं त्याला जास्त वाईट वाटलं.

घरी तुळसाबाई भुई सारवत होती. त्यानं सगळं सांगितलं. ती सारवण्याचा हात न थांबवता ऐकत राहिली आणि शेवटी एकदम उसळली.

“मी तवाच सांगतलं होतं. सात जनाईत तुमीच कायले? कस्तुराले हात नाई म्हून आपलं घर गेलं पाहिजे काय?”

“तिचा हात माह्या डोळ्यादेखत गेला, तुळसे.”

“मंग पट्टा तुमीच उतरवला ना? झालं ना तुमचं काम?” तिनं हात धुतले. मग उठून चुलीमागच्या डब्यातली हळद तिनं एका फडक्यात बांधली आणि त्याच्यापुढं ठेवली. “हे घ्या. घरची हळद. ठान्यावरचा भंडार न्याच नका. बेलही वावरातल्या झाडाचा न्या. त्याच्यावर काय बी म्हना. देवाले लागत नाई, मानसाले समजत नाई.”

मारोतराव त्या फडक्याकडं पाहत बसला. बाई वेडी नव्हती. सुटकेचा हाच एक रस्ता दिसत होता. स्वतःही सुटेल, आणि बाकी सहा जणांच्या कानावर घातलं तर तेही सुटतील. मुलाचं लग्न ठरत होतं. या वयात बाहेर कोण तेलवाला म्हणून ठेवणार होतं?

दिवेलागणीला गोजराबाई वाटी घेऊन पीठ मागायला आली. पीठ हे निमित्त. रामकिसननं दुपारीच चाळीत उद्याच्या आणेची दवंडी पिटली होती.

“बुवा, मी तं उचलनार नाई,” ती उंबऱ्यातच बसली. “खोटं उचलून माह्या लेकराईवर आनू काय? खोली जाते तं जाऊ द्या.”

तुळसाबाईनं फडकं तिच्यापुढं केलं. “घरची हळद हाये व. कोनाले सांगू नोको.”

गोजराबाईनं फडकं हातात घेतलं, उघडून हुंगलं. तिच्या चेहऱ्यावर क्षणभर मोठा हलकेपणा आला. मग ती विचारात पडली.

“आपन सात जन तं हळद म्हून उचलू. पन बाकीच्या बाया?”

“त्या तशाही संघात नाईत. त्याईचं काय जाते?” तुळसाबाई म्हणाली.

“संघात नाईत, पन येनार होत्या ना माय! शेठ काय म्हनते? कधी जानार नाई, असं म्हना. त्या भंडार समजून उचलतीन. मंग मेल्या तरी संघात येनार नाईत. सोजरबाई कालच मले म्हने, नोंदनी झाली का मी बी येतो. उद्या तिनं उचलला का संपलं. सात जनाईचा संघ घेऊन काय करायचं? आरती?”

“त्याईले मागून सांगू, हळद होती म्हून.”

“बुवाच्या हातात हळद होती असं सांगशीन?” गोजराबाईनं मारोतरावाकडं पाहिलं. “मंग बुवाचं कोन ऐकन? आनि संघाचं तरी कोन ऐकन?”

ती पीठ न घेताच गेली.

मारोतरावाला आता कुठं उमगलं. शेठला सात नावं हवी होती हे खरं, पण खरी मेख पुढच्या शब्दांत होती. कधी जाणार नाही! एका सकाळीत अख्खं जिन बांधून टाकायचं, तेही त्याच्या हातून. आजारी पडून घरी राहावं, तर रामकिसन मेडशीहून दुसरा मानकरी आणेल. तो बिचारा संघात नाही. तो बिनघोर आण घेईल आणि ताटली फिरेल.

अंथरुणावर पडल्यावर त्याला आपल्या वडिलांची गोष्ट आठवली. गावात एकदा बैल चोरीला गेला होता आणि वडील ताटली घेऊन उभे राहिले होते. चोर त्यांचाच भाऊ निघाला होता आणि ते वडिलांना माहीत होतं. ‘मले माहीत नाही’ असं म्हणायची वेळ आली तेव्हा त्यांनी ताटली खाली ठेवली. मानकऱ्यापाशी अडलेली आण पुन्हा कोणाला घालत नाहीत. त्या बैलापायी मग गावात कोणीच बेलभंडार उचलला नाही. भाऊ मात्र घरातून गेला आणि वडिलांशी मरेपर्यंत बोलला नाही.

सकाळी आंघोळ करून तो ठाण्यावर गेला. देवापुढचा भंडार आणि बेल त्यानं फडक्यात बांधून कमरेच्या उजव्या बाजूला खोचला. डाव्या बाजूला तुळसाबाईनं स्वतःच्या हातानं घरच्या हळदीचं फडकं खोचून दिलं होतं. ते त्यानं काढलं नाही. जिनाच्या फाटकापर्यंत जाताना त्याचं मन एका पावलाला इकडं आणि एका पावलाला तिकडं होत होतं.

इंजिनघर झेंडूच्या माळांनी सजवलं होतं. शेठ कोरं धोतर नेसून आले, नारळ फोडला, इंजिनाला कुंकू लावलं. बाया एका बाजूला, बाप्ये दुसऱ्या बाजूला. एरवी या दिवशी चेष्टामस्करी चालायची. आज कोणी खोकतही नव्हतं. गोजराबाई पुढच्याच रांगेत उभी होती, ओठ घट्ट मिटून. प्रेमसिंग गठाणींना टेकून उभा होता. त्याचं बोचकं बांधून पायाशी ठेवलेलं मारोतरावानं पाहिलं. त्या पोराला भंडार उचलायचा नव्हता आणि सांगताही येत नव्हतं.

“पहिल्यांदा बाया,” रामकिसन ओरडला. “चाल व सोजरबाई, ये पुढं. बुवा, ताटली!”

सोजरबाई पदर सावरत पुढं आली. मारोतरावानं ताटली हातात घेतली. ती अजून रिकामी होती. त्याचा हात कमरेकडं गेला आणि डाव्या बाजूला थांबला. फडक्याची गाठ बोटांना लागली. समोर सोजरबाईनं दोन्ही हात पुढं केले होते. ओंजळ केली होती तिनं, देवाचा प्रसाद घ्यावा तशी.

त्यानं हात काढला आणि उजवीकडचा भंडार सोडून ताटलीत ओतला. वर बेल ठेवला.

“थांब सोजरबाई,” तो म्हणाला. “आधी मले घ्या लागते.”

“ते असू द्या आज,” रामकिसन म्हणाला. “लोकं लय हायेत. उशीर होईन.”

“मुकादम, तुमच्या लग्नातल्या भांडनाची आन घातली होती, तवा बी मी आधी घेतली होती. तवा उशीर झाला होता काय?”

बायांतून एक हसू फुटलं आणि लगेच दबलं. शेठनं हातानं खूण केली. घे, लवकर घे.

मारोतरावानं बेल आणि भंडार उजव्या मुठीत घेतला. मूठ कपाळाला लावली.

तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “मी संघात हाये. नागपूरच्या कागदावर माही सही हाये. म्हून ही आन माह्याच्यानं पुरी होत नाई.”

त्यानं मूठ उघडली. भंडार पुन्हा ताटलीत पडला. ताटली त्यानं इंजिनाच्या पायाशी, जमिनीवर ठेवली आणि तो मागं सरला.

शेठ रागावले नव्हते. निदान तोंडावर तरी राग नव्हता. घरातल्याच माणसानं फसवावं तसं त्यांचं तोंड झालं होतं.

“मारोती, तू?”

“मी, शेठजी.”

“आई कुठं वाचली तुझी, आठवतं?”

“आठवते. जन्मभर आठवन. पन कस्तुराबाईचा हात बी आठवते.”

“बाकीचे कोण?”

“माह्यापुरतं मी सांगतलं.”

शेठनं मान फिरवली. “रामकिसन, ताटली उचल. तू फिरव.”

रामकिसन दोन पावलं पुढं गेला. ताटलीपाशी वाकला. सगळ्या जिनाचे डोळे त्याच्या हातावर होते. तो तसाच वाकलेला राहिला आणि मग हळूच सरळ झाला.

“काय झालं?”

“मानकऱ्यापाशी अडली हाये शेठजी.”

“मग?”

“अडलेली फिरवत नसतेत.” त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता. “माह्या घरी बी खंडोबा हाये. तुमी दुसरं काई बी सांगा. हे माह्या हातून नाई होनार.”

“मेडशीचा माणूस आण.”

“तो बी नाई उचलनार. कोनीच नाई उचलनार आता.”

सोजरबाई अजून ओंजळ धरून उभी होती. तिनं हात हळूच पदराखाली घेतले आणि ती बायांच्या रांगेत जाऊन उभी राहिली. प्रेमसिंगनं पायानं आपलं बोचकं गठाणीमागं सरकवलं.

शेठ मारोतरावाकडं वळले. “संध्याकाळपर्यंत खोली रिकामी कर,” एवढंच. मग त्यांनी भोंगा वाजवायला सांगितलं.

ताटलीच अडली म्हटल्यावर पिराची आणही राहिली. त्या दुपारी रामकिसननं एकेकाला बाजूला घेऊन तोंडी विचारून पाहिलं. पण आणेविना विचारल्यावर नाही म्हणायला कोणाचं काय जातं? ‘नाई बा.’ ‘संघ म्हंजे काय, मुकादम?’ असं म्हणत बाया रेच्यावर जाऊन बसल्या. पहिल्या दिवशीच शाफ्टवर तेल घालायला नवा माणूस आला. मारोतराव फाटकाबाहेर होता.

भांडी पोत्यात भरताना तुळसाबाईनं प्रत्येक भांडं आपटून भरलं. मुलाच्या लग्नाचं आता काय, हे ती त्याला न सांगता उतरंडीला सांगत होती. कस्तुराबाईच्या भावाचा नाल्यापलीकडं एक रिकामा गोठा होता. जिनाच्या हद्दीबाहेर, त्यामुळं तिथून कोणी काढणार नव्हतं. सामान तिकडं न्यायचं ठरलं. कस्तुराबाई एका हातानं केरसुणी घेऊन आधीच तिथं झाडायला गेली होती.

सूर्य कलला तेव्हा बंडी भरली. मारोतराव बैलांपुढं उभा होता. जिन सुटलं आणि चाळीकडं परतणाऱ्या बाया बंडीपाशी येऊन थांबू लागल्या. कोणी काही विचारत नव्हतं. फक्त उभ्या राहत होत्या. रामकिसन फाटकातून पाहत होता, तरी त्या हलल्या नाहीत.

शेवटी सोजरबाई पुढं आली. “काकी, कोठी चालल्या तुमी?”

“नाल्यापल्याड. कस्तुराच्या भावाच्या गोठ्यात.” तुळसाबाई फणकारली. “काहून? हसाले येता काय?”

“नाई व.” सोजरबाईनं आवाज खाली आणला. “संघाची बसनूक आता तथीच होईन ना? चाळीत तं करता येत नाई. मले यायचं हाये. आनि ह्या बी म्हनून राह्यल्या.” तिनं मागं हात केला. मागं बऱ्याच जणी होत्या.

तुळसाबाईनं त्यांच्याकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं. तो बैलाच्या वशिंडावर हात ठेवून खाली पाहत होता. तिनं शेवटचं पोतं बंडीत रेटलं, पदर खोचला आणि म्हणाली,

“गोठा हाये तो, राजवाडा नाई. खाली ओल हाये. येसान तं बसाले आपापलं पोतं घेऊन या. आनि चहा मागू नोका.”

मग ती बंडीवर चढली आणि नवऱ्याला म्हणाली, “हाका आता. अंधार पडाच्या आत शेन काढा लागन.”